तिरफळ न घातलेली आमटी

चैत्र संपत आला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. मी मालवणच्या मासळी बाजारात बांगडे निवडत उभा होतो आणि नेहमीसारखी हुज्जत घालत होतो. बांगड्याचे डोळे बघायचे, कल्ले उचलून बघायचे, नाक मुरडायचं आणि शेवटी घ्यायचेच, असा माझा जन्माचा शिरस्ता. सहा बांगडे पिशवीत पडले आणि खिशातला फोन वाजला. पुतण्याचा, महेशचा होता. "काका, आई गेली," एवढंच बोलला आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी फोन खिशात ठेवला. समोरच्या कोळणीपुढे पिशवी धरली आणि म्हटलं, "ह्ये परत घे गो." एरवी ही बाई मला दहा शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. तिने एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं, बांगडे काढून पुन्हा फळीवर मांडले आणि म्हणाली, "जावा तुमी. सांबाळून जावा." आमच्याकडे सुतकात घरात मासे शिजत नाहीत. घेतलेले मासे माणूस परत करतो तेव्हा कोळणीला काही सांगावं लागत नाही.

गेली ती माझ्या थोरल्या भावाची बायको, शालनवहिनी. मसुऱ्याजवळच्या आमच्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो. आमची आई त्याआधी दोन वर्षं गेली होती आणि घरात आम्ही तिघे पुरुष, म्हणजे वडील, भाऊ आणि मी, जमेल तसा भात शिजवून पोट भरत होतो. वहिनी देवगडकडची. अंगाने किडकिडीत, आवाजाने मात्र दणदणीत. पहिल्याच आठवड्यात तिने चूल, घर आणि आम्हा तिघांना ताब्यात घेतलं. मला ती 'भावजी' म्हणायची, अहोजाहो करायची आणि त्याच तोंडाने माझे कानही पिळायची. पुढे मी शिकलो, मालवणच्या शाळेत मराठीचा मास्तर झालो, तिथेच बिऱ्हाड केलं. पण रविवारचं दुपारचं जेवण मसुऱ्याच्या घरी, हा नेम चाळीसेक वर्षं मोडला नाही. बायको गमतीने म्हणायची, "तुमचं माहेर तिकडे आहे." ते खरंच होतं.

रविवारच्या त्या जेवणाचा राजा म्हणजे बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी. ज्यांना तिरफळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या परसात एक काटेरी, उंच झाड आहे. त्याला पावसाळ्यात मिरीएवढ्या हिरव्या फळांचे घोस लागतात. ती वाळवायची, आतली काळी बी टाकून द्यायची आणि वरची सालं बाटलीत भरून ठेवायची. तेलकट माशाच्या आमटीत चार-पाच तिरफळं ठेचून टाकली की असा वास सुटतो की शेजारच्याला कळावं, आज यांच्याकडे बांगडे आहेत. पण तिरफळ खायचं नसतं. जेवताना ते बाजूला काढून ताटाच्या कडेला लावायचं. चुकून दाताखाली आलं तर ओठ-जीभ झिणझिणते आणि मग बधिर होते, आपलं तोंड आपलं राहत नाही. वहिनीचा सगळा खट्याळपणा या एका गोष्टीत होता. नवा पाहुणा आला की त्याच्या वाटीत मुद्दाम दोन तिरफळं जास्त. माझी बायको कोल्हापूरची. ती नवी नवरी म्हणून पहिल्यांदा जेवायला बसली आणि मिरी समजून तिने तिरफळ चांगलं चावून खाल्लं. डोळ्यांत पाणी, ओठ हलेना, आणि नवऱ्याच्या घरच्यांनी आपल्याला काहीतरी घातलं अशी तिची खात्री! वहिनी हसून हसून चुलीपाशी बसली होती. नंतर तिनेच तिच्या तोंडाला गुळाचा खडा लावला. त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलंच.

आता ज्या गोष्टीबद्दल घरात कधी बोललं गेलं नाही, तिच्याकडे येतो. आठ वर्षांपूर्वी वहिनीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सरची होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, स्तन काढावा लागला, पुढची औषधंही तिकडेच झाली. गावात सांगितलं, बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिच्या मदतीला गेली आहे. खरं काय ते भाऊ, मी, माझी बायको आणि महेश एवढ्यांनाच माहीत. घरात त्या आजाराला नाव नव्हतं. त्याला आम्ही 'मुंबयचा काम' म्हणायचो. तपासणीला जायचं झालं की भाऊ म्हणायचा, "पुढच्या म्हयन्यात मुंबयचा काम आसा." पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे, आणि मग 'मुंबयचा काम'सुद्धा बोलण्यातून गेलं. लपवाछपवीचा मला सुरुवातीला राग यायचा. मी एकदा तिला म्हटलंही, वहिनी, यात लाजण्यासारखं काय आहे? ती तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, एकदा कळला ना, मगे माझ्या तोंडाकडे बघान कोण बोलूचा नाय. सगळ्यांची नजर हंय." आणि तिने पदर छातीवर ओढून घेतला.  मी गप्प बसलो, आणि पुढे गप्प बसायची सवयच झाली.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि बांगडे आले. पहिल्याच रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनीच्या हनवटीवर आमटीचा ओघळ आला होता आणि भाताचं एक शीत खालच्या ओठाला चिकटलं होतं. तिला त्याचा पत्ताच नव्हता. मी खूण केली तर तिने दुसरीकडेच पुसलं. मग ओठ चाचपत म्हणाली, "भावजी, ह्यो खालचो ओठ माझो नायच असा वाटता." मी अशी संधी सोडणार होतो थोडाच! म्हटलं, "तिरफळ चावलंस गो वयनी! इतक्या वर्षांनी तुझी पाळी इली." भाऊ हसला, माझी बायको तर टाळ्या पिटायची बाकी होती. वहिनीही हसली. हसताना तिचं तोंड उजवीकडे जरा जास्त खाली आल्यासारखं मला वाटलं... की हे मला आता वाटतंय?

पुढच्या रविवारी आमटी नेहमीसारखी लागली नाही. पहिल्याच घासाला मी म्हटलं, "वयनी, आज आमटीक वास नाय." ती समोर बसली होती. पदराच्या टोकाने हनवटी पुसत होती, पुन्हा पुन्हा, जिथे काही लागलेलं नव्हतं तिथेही. म्हणाली, "आज मी तिरफळ घालूकच नाय." मी विचारलं, का? ती म्हणाली, "बघूक."

एवढाच शब्द. तिरफळ नसताना ओठ बधिर होतो का, हे तिला बघायचं होतं. त्या बाईने आपल्या परीने परीक्षा घेतली होती, आणि उत्तर तिच्या हनवटीवर होतं. आणि मी, वाक्यातला एकेक शब्द सोडवून दाखवणारा मराठीचा मास्तर, त्या एका शब्दाचा अर्थ न लावता म्हणालो, पुढच्या खेपेला घाल बाई, ही आमटी पाण्यासारखी लागते. मला आमटीची पडली होती. ते वाक्य मी रोज ऐकतो. दाढी करताना ऐकतो, आंघोळीचं पाणी काढताना ऐकतो. स्वतःचाच आवाज इतका नकोसा होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग गणपती आले, गेले. त्याच दिवसांत तिने परसातली तिरफळं उतरवून घेतली. वाळली की एक दाताखाली धरून ती दर वर्षी त्यांची पारख करायची. ओठ झिणझिणला की बाटलीत भरायची. गेल्या वर्षी तिने एक तिरफळ माझ्या हातावर ठेवलं. "तुमी चावन बघा. माका काय समाजना नाय." मी चावलं. माझा ओठ लगेच झिणझिणला. "फस्क्लास!" म्हटलं, आणि तिने बाटली भरली. तेव्हाही मला काही सुचलं नाही.

त्यानंतर तिची उजवीकडची खालची दाढ हलायला लागली, दुखायला लागली. भाऊ शेतीच्या कामात अडकला होता, म्हणून मीच तिला स्कूटरवरून मालवणला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ती मागून म्हणाली, "भावजी, दाढेपुरताच बोला हां." मी हो म्हटलं. डॉक्टरीणबाई तरुण, नीटनेटक्या, कामाला चोख. त्यांनी सगळं व्यवस्थित विचारलं. साखर आहे का, रक्तदाब आहे का, मिश्री लावता का, आणि मग, याआधी काही मोठा आजार, एखादं ऑपरेशन? वहिनी खुर्चीत आडवी झाली होती. ती भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिली. तिने हात लांब करून माझं मनगट धरलं. दाराबाहेर आमच्याच वाडीतली दोन माणसं बसली होती, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "काही नाही. ठणठणीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं, 'काही नाही.' हिरडीला सूज होती, दाढ हलत होती आणि मिश्रीची जुनी सवय. त्यांनी दाढ काढली. त्यांची यात तीळभरही चूक नाही, हे मी शपथेवर सांगतो. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "माका आइस्क्रीम होया." आम्ही दोघं दुकानाच्या बाकड्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं. तिच्या हनवटीवरून ते ओघळत होतं आणि मी रुमालाने पुसत होतो. इंजेक्शनचा बधिरपणा आहे, उतरेल संध्याकाळपर्यंत, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. काहीतरी मोठं निभावलं अशा थाटात आम्ही दोघं हसत होतो.

बधिरपणा उतरला नाही. दाढेची जखमही भरली नाही. नवरात्रात त्या खड्ड्यातून लाल मांसासारखं काहीतरी वर आलं आणि पंधरा दिवसांत सुपारीएवढं झालं. हात लावला की रक्त. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाहिलं आणि लगेच चिठ्ठी देऊन गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. वाडीत तोवर बातमी फुटलीच होती; तोंडाचा कॅन्सर, मिश्रीमुळे. शेजारच्या दोघी-तिघींनी भीतीने आपल्या मिश्रीच्या डब्या फेकून दिल्या. पण गोव्याचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हे तोंडाचं नाही. हे दुसरीकडून इथे आलं आहे. यांचं आधी काही ऑपरेशन झालं होतं का?"

भाऊ जमिनीकडे बघत होता. शेवटी मीच बोललो. 'मुंबयचा काम' असं म्हणालो नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या आजाराचं नाव घेऊन बोललो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पहिल्या आजाराचा एखादा कण रक्तातून फिरत कुठेतरी जाऊन बसतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो. जबड्याच्या हाडात क्वचित बसतो, पण बसतो. त्या हाडातून खालच्या ओठाला आणि हनवटीला जाणारी नस असते; ती दाबली गेली की गाठ दिसायच्या आधीच हनवटी बधिर होते. "हनवटी बधिर कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "नारळी पुनवेपासून." त्यांनी पुढे विचारलं, "दाढ काढताना डॉक्टरांना जुना आजार सांगितला नव्हता?"  वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना, गाडी बांद्याच्या पुढे आल्यावर, तिने एक बोट छातीच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं हनवटीवर. म्हणाली, "हंयसून थंय कसा पोचला ता?" आणि मग थोड्या वेळाने, "आता बघू देत सगळ्यांनी तोंडाकडे." ती हसली. भाऊ खिडकीबाहेर तोंड करून रडत होता.

मी नंतर एकदा एकटाच त्या डॉक्टरांना भेटलो. विचारलं, दोन महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, तोपर्यंत मणक्यातही पसरलं होतं, आयुष्यात फार फरक पडला नसता. मला हायसं वाटणार एवढ्यात ते म्हणाले, "पण आम्ही ती दाढ काढू दिली नसती. आधी रेडिएशनचा शेक दिला असता. तोंड बरेच दिवस शाबूत राहिलं असतं." म्हणजे हिशेब सरळ होता. मी दिलेल्या उत्तराने तिचा मृत्यू आणला नाही. तिचं जेवण घेतलं, बोलणं घेतलं. शेक दिला, औषधं झाली, गाठ थोडी बसली, पुन्हा आली. माघापासून ती पेज आणि शहाळ्याच्या पाण्यावर होती. रविवारी मी जायचो तेव्हा ती चुलीपाशी खुर्चीत बसून सुनेला, महेशच्या बायकोला, हाताने खुणा करायची. किती खोबरं, किती तिखट... आणि तिरफळाच्या बाटलीकडे बोट. आम्ही तिच्यासमोर बसून जेवायचो. आम्ही जेवावं हा तिचाच हट्ट होता. 

शेवटची भेट ती जायच्या तीन दिवस आधीची. तोंडावर मऊ फडकं होतं, आवाज खोल गेला होता. भाऊ औषध आणायला गेला होता, सून अंगणात होती. वहिनीने माझं मनगट धरलं, दातांच्या दवाखान्यात धरलं होतं तसंच, आणि म्हणाली, "सांगा..."

पुढे काहीतरी होतं, की नव्हतं? आमच्या बोलीत 'सांगा' म्हणजे सांगा, आणि 'सांगा नको' म्हणजे सांगू नका. मागचा एक शब्द आला की सगळं उलटं. फडक्याआड काहीतरी घरघरलं खरं. तो 'नको' होता, की नुसता श्वास? मी वाकून विचारलं, "काय वयनी? सांगू? कोणाक सांगू?" तिने डोळे मिटले, मनगट सोडलं नाही. आणि काय सांगायचं, काय नाही? तिचा खरा आजार गावाला? की दवाखान्यात मी काय बोललो ते भावाला? तिने ते मरेपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. माझी लाज तिने आपल्या लाजेसारखीच पदराखाली झाकून ठेवली होती.

तेराव्यानंतर मी निघालो तेव्हा भावाने ती बाटली माझ्या हातात दिली. "ही तू घेवन जा. हंय आता कोण घालतलो तिरफळां?" जुन्या कॉफीची काचेची बाटली, झाकणाला आतून कागद लावलेला. ती आता मालवणला माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. अजून पाऊण भरलेली आहे. म्हणजे गेल्या वर्षीचीच तिरफळं, माझ्याच ओठाने पारख केलेली.

गेला महिनाभर मी एक वेडेपणा करतो. दुपारी बायको बाहेरच्या खोलीत असली की मी दोन-तीन तिरफळं काढून दाढेखाली धरतो. ओठ झिणझिणतो, हनवटी परकी होते. मग आरशापुढे तोंडावर टॉवेल धरून मी म्हणून बघतो, एकदा 'सांगा' आणि एकदा 'सांगा नको'. त्यातला 'नको' कितपत ऐकू येतो ते मला बघायचं असतं. कधी येतो, कधी येत नाही. तिरफळ जास्त झालं तर दोन्ही सारखेच वाटतात. वहिनीने तिरफळ वगळून परीक्षा घेतली होती, मी तिरफळ खाऊन घेतोय.

परवा माझा आवाज जरा मोठा झाला असावा. बाहेरून बायकोने विचारलं, "काय म्हणालात?" मी टॉवेल बाजूला केला आणि उत्तर दिलं, "काही नाही."

आणि तसाच उभा राहिलो. अगदी तेच दोन शब्द, त्याच सुरात. मी बाहेर गेलो, बायकोसमोर बसलो आणि बधिर ओठांनी तिला दवाखान्यातली सगळी गोष्ट सांगितली.  मग ती म्हणाली, "मोठ्या भावोजींना सांगितलंत?" संध्याकाळी मसुऱ्याला जाऊन भावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, उठून परसात गेला आणि तिरफळाच्या झाडापाशी उभा राहिला. तो माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलेल की नाही, मला माहीत नाही.

वहिनी, तू 'नको' म्हणाली असशील तर मी तुझा शब्द मोडला. तुझा आजार, तुझी छाती, तुझं तोंड, सगळं इथे लिहून चारचौघांत मांडलं. पण कुणाच्या तरी घरी आज एखादी बाई हनवटी पुन्हा पुन्हा पुसत असेल आणि समोर जेवणारा कुणी माझ्यासारखा हसत असेल. त्याने हसू नये. तिला घेऊन जावं, आणि डॉक्टरांनी जुनं काही विचारलं तर सगळं सांगावं.

हे लिहितानाही मी एक तिरफळ दाढेखाली धरलं आहे. खालचा ओठ माझा नाही. पण थोड्या वेळाने तो परत येईल, नेहमी येतो.